सुरुवात सांगणारे सोमाभाऊ

सोमाभाऊ कुठलाही सिनेमा अकरा मिनिटं पाहायचे. बारावं मिनिट लागलं की हॉलचं दार हळूच उघडायचं, उन्हाची एक पट्टी आत यायची आणि सोमाभाऊ बाहेर गेलेले असायचे. पहिल्या रविवारी मी हे मनाला लावून घेतलं. दुसऱ्या रविवारी घड्याळ लावून पाहिलं. तिसऱ्या रविवारी मात्र जिन्यात जाऊन त्यांना गाठलंच.

माझी बाजू आधी सांगून टाकतो. पवनीच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी पुण्याला चार आठवड्यांचा एक वर्ग केला होता. सिनेमा कसा पाहावा, याचा. असा वर्ग केलेला माणूस गप्प बसत नाही. गावातली टॉकीज बंद पडून बरीच वर्षं झाली होती, म्हणून मी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दहा वाजता सिनेमा दाखवायला लागलो. खिडक्यांना जुन्या काळ्या चादरी ठोकल्या, कॉलेजचा प्रोजेक्टर मागून आणला. जेमतेम वीस माणसं यायची. त्यातलं एक अकरा मिनिटांत उठून जातं, म्हणजे काय!

"आवडला नाही का?" मी जिन्यात विचारलं.

"भल्ला मस्त आहे जी. सुरुवात पक्की आहे. चालन पुढं."

"मग पुढचं का नाही पाहत?"

"पुढचं?" दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खा म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढचं पाहाची सवयच नाही ना सर. मी टार्चवाला."

सोमाजी निनावे हे टॉकीजचे टॉर्चवाले. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांना अंधारात खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं. अकरा-बारा मिनिटांत ती गर्दी आटोपली की टॉर्च खिशात आणि सोमाभाऊ बाहेरच्या सायकल स्टँडवर. खेळ सुटून शेवटची सायकल जाईपर्यंत तिथेच. बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. हजारो वेळा सिनेमा सुरू झाला तेव्हा ते आत होते आणि संपला तेव्हा बाहेर.

उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. चालताना पायांचा आवाज नाही. भर बाजारात समोर येऊन उभे राहिले की दचकायला व्हायचं. दुसरी गंमत म्हणजे माणूस भेटला की ते आधी त्याच्या पायांकडे पाहत, मग चेहऱ्याकडे. माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. तो तिसऱ्या दिवशी तुटला.

त्या दिवसापासून मी त्यांचा पिच्छा पुरवला. सिनेमाची सुरुवात कशी असावी यावर पुण्यात मी दोन वह्या भरल्या होत्या. सोमाभाऊंना वही लागत नव्हती.

"सर, उशिरा येनारा मानूस पाहा. त्याले आपली खुर्ची पायजे असते, दुसरं काही नाही. थो अंधारात चालून राहिला, अन् चालता चालता त्याचे पाय थांबले, मधातच, रस्त्यात, तं समजा सिनेमा चालला. मागचा ओरडते, 'बस ना बे खाली!' पर हा बसतच नाही. बसाचं भुलूनच गेला."

"आणि बसलेल्यांचं काय?"

"शेंगा. फोडनं बंद झालं पायजे. शेंग दोन बोटात धरून ठेवली अन् फोडली नाही, तं पास."

माझ्या वहीत जे सहा पानांत होतं ते इथे एका शेंगेत आलं. मी विचारलं की असं होतं कशाने? त्यावर ते म्हणाले, "कोनी काम करून राहिला असन तं आपन पाहतोच जी. धुऱ्यावर मानूस धानाची पेंढी बांधून राहिला, तं जानारा उभा राहते का नाही? बांधली का सुटली, हे पाहिल्याबिगर पाय उचलत नाही. मंग जाते. तशी सुरुवात पायजे. पेंढी दाखवा. पूर्न बांधून नका दाखवू."

नायकाने पडद्यावर येताच आपलं नाव-गाव-दुःख सांगितलेलं त्यांना बिलकूल खपत नसे. "पाहुना उंबऱ्यातच सारं सांगून मोकळा झाला, तं मंग आपन चहा कायले ठेवाचा?"

एका रविवारी मी माझा सर्वांत लाडका परदेशी सिनेमा लावला. पहिली चार मिनिटं तळ्यावर नुसतं धुकं. मी मागे उभा राहून भारावलेला. सोमाभाऊ दाराशी. अकरा मिनिटं झाल्यावर बाहेर आले आणि फार हळू आवाजात, आजाऱ्याची चौकशी करावी तसे म्हणाले, "सर, धुकं चांगलंच आहे. पर खुर्च्या वाजल्या. सतरा येळा." मी रागावलो. पुढच्या वेळी मीही मोजलं. एकोणीस वेळा वाजल्या.

त्यांनी मला शिकवायलाही शिकवलं. काही कामाने ते कॉलेजात आले होते आणि माझ्या वर्गाबाहेर थांबले होते. मी 'साहित्य म्हणजे काय' असं फळ्यावर लिहून तासाला सुरुवात केली. तास संपल्यावर म्हणाले, "सुरुवातीलेच दरवाजा लावून घेतला ना सर. पोट्टे बाहेरच राहिले." दुसऱ्या दिवशी मी काहीच न लिहिता, खिशातून एक चिठ्ठी काढली, मनात वाचली, हसलो आणि परत खिशात ठेवली. पुढचा पाऊण तास वर्ग शेवटच्या बाकापर्यंत जागा होता. त्या चिठ्ठीवर किराण्याची यादी होती, हे मी आजतागायत कोणाला सांगितलं नव्हतं.

तर असे हे गुरू. त्यांच्या घरी जाणं झालं ते मात्र त्यांच्या बायकोमुळे. कौसल्याबाईंना सगळे कौसाबाई म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागावर रेशमी काठाचं लुगडं आणि मागामागे ठेंगणी, गोरटेली, तोंडाने तिखट अशा कौसाबाई. हात चालूच आणि तोंडही.

"तुमीच का थे सिनेमावाले सर? बसा. यायले एक डाव तरी पूर्न बसवून दाखवा बरं खुर्चीत. माही तं जिंदगी गेली."

मग ती गोष्ट कळली. कौसाबाईंना सिनेमाचं भयंकर वेड. तीनचा खेळ त्यांचा. पण हातातलं काम निदान काठापर्यंत नेऊन धोटा खाली ठेवायचा, मग लुगडं बदलायचं, मग निघायचं. तोवर टॉकीजची घंटी कधीच होऊन गेलेली असे. त्या पोचत तेव्हा सिनेमा दहा मिनिटं पुढे. नवरा टॉर्च घेऊन दाराशी. तो त्यांना बायकांच्या बाजूला नेऊन बसवी आणि लगेच सायकल स्टँडवर जाई. म्हणजे बायकोने एकही सुरुवात पाहिली नाही आणि नवऱ्याने सुरुवातीपलीकडे काही नाही. दोघं घरी आले की ओसरीवर बसून सिनेमा जोडत. तिने आपला भाग सांगायचा, मग त्याने सुरुवात सांगायची.

"लग्न झालं तवा हे मले म्हने," कौसाबाई धोटा फेकत म्हणाल्या, "एक सिनेमा आपन दोघं संगं बसून पाहू. पाटीपासून समाप्तपर्यंत. टॉकीज बंद झाली, खुर्च्या इकल्या, पर थो सिनेमा काही आला नाही."

"येन ना व," सोमाभाऊ म्हणाले.

"कवा येन? मी गेल्यावर?"

सोमाभाऊ हसले, पण मान खाली घालून. त्या बाईला आयुष्यात एवढं एकच हवं होतं आणि ते काही चंद्र-तारे नव्हते. मला त्याच क्षणी वाटलं की हे आपण घडवून आणायचं.

मग दोघांनी मला त्यांचा सर्वांत आवडता सिनेमा सांगितला. घरात त्याला 'अनवाणी बाईचा सिनेमा' म्हणत. त्याची नायिका सगळ्या सिनेमाभर पायांत काही घालत नाही. तो सिनेमा पुढे टीव्हीवर कधी लागला नाही. कौसाबाईंनी हातवारे करकरून शेवटापर्यंत सांगितला, मग मागावरचे हात थांबवले आणि म्हणाल्या, "आता तुमी सांगा. सुरुवात."

सोमाभाऊंनी घसा साफ केला. "सकाळ. नदी. पानी एकदम शांत. एक डोंगा येऊन राहिला. वल्हवनारा कोनी नाही. घाटावर एक बाई धुनं धुऊन राहिली, तिचा हात वरच्या वरच राहिला. डोंगा आला, दगडाले लागला. आतमधी कोनी नाही. फक्त बाईमानसाच्या चपला. एक जोड. अन् एक चप्पल उलटी पडेल."

"पाहा, काटा आला," कौसाबाई आपला हात माझ्यापुढे धरून म्हणाल्या. काटा मलाही आला होता.

हा सिनेमा शोधायचाच, असं मी ठरवलं. फार फिरलो, अनेकांना फोन केले आणि शेवटी नागपूरच्या एका संग्राहकाकडे सापडला. आमच्या रविवारच्या खेळांना वर्ष होत होतं, त्या दिवशी तो लावायचं ठरलं. आधी सोमाभाऊंचं दहा मिनिटं भाषण, विषय 'सिनेमाची सुरुवात', मग सिनेमा. आणि नवरा-बायको पहिल्या रांगेत शेजारी शेजारी.

मी बातमी सांगितली तेव्हा सोमाभाऊंचा चेहराच उतरला. "थो कायले जी? जुना आहे. आवाज घरघर करन." मग म्हणाले, दुसरा एखादा लावा. मग म्हणाले, रविवारी मले लाखांदूरले जाचं आहे. मी हा सगळा विनय समजलो. चार आठवड्यांच्या वर्गात माणसं ओळखायला शिकवत नाहीत.

रविवारी हॉल भरला. कौसाबाई साडेनऊलाच हजर, स्वतः विणलेलं मोरपंखी लुगडं नेसून. जन्मात पहिल्यांदा त्या सिनेमाच्या आधी पोचल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होत्या. सोमाभाऊंनी भाषणाला साफ नकार दिला. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, पण दिवे जाताच ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले. कौसाबाई शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसल्या.

सिनेमा सुरू झाला. लग्नाची वरात. बँड. एक जाडजूड मामा पडद्यावर येऊन हसू लागला, तो हसतच राहिला. मग हार तुटला, मग नवरदेव घोड्यावरून पडला. मग गाणं.

"डोंगा कुठी आहे?" कौसाबाई मोठ्याने म्हणाल्या.

पडद्यावर गाणं चालूच होतं. 

"येन आता," त्यांनी स्वतःलाच समजावलं. मामा पुन्हा हसला. नदी नाही, घाट नाही. पाच मिनिटांनी नायिका आली, अनवाणी, कारण कुठलासा नवस होता. तसं तिने एका वाक्यात सांगूनही टाकलं. कौसाबाई सावकाश मागे वळल्या. दारातल्या उंच सावलीकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की मला सिनेमा थांबवावासा वाटला. मग त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग धावलो.

जिन्यात दोघं उभे होते.

"तुमी तं पाहिला होता ना?"

"नाही व," सोमाभाऊ म्हणाले. "म्या टॉकीजातली कोनतीच सुरुवात नाही पाहिली."

"म्हंजे?"

"लोकं दारातून येतात. मी त्याईच्याकडं तोंड करून उभा. पडदा माह्या पाठीमांगं. टार्च खाली पायावर धराचा, नाही तं बसलेले शिव्या देतात. मले पाय दिसे, अन् लोकाइचे तोंड. पडद्याचा उजेड तोंडावर पडे, थेवढं. बाकी आवाज आयकू ये."

"मंग डोंगा?"

"तूच इचारलं होतं ना. घरी येऊन म्हने, सारं समजलं, पर थे बाई अनवानी काहून फिरते? मले काय मालूम! तुले झोप नाही आली असती. म्हून डोंगा आनला."

मी भिंतीला टेकलो. वर्षभर ज्यांच्याकडून मी सुरुवातींचं शास्त्र शिकलो, त्या माणसाने टॉकीजच्या बत्तीस वर्षांत एकही सुरुवात पाहिली नव्हती. त्यांनी पाहिली होती ती थांबलेली पावलं, न फोडलेल्या शेंगा आणि पडद्याच्या उजेडातले चेहरे.

कौसाबाईंच्या डोक्यात मात्र दुसराच हिशोब जुळत होता. "म्हून," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "म्हून टीव्हीवर सिनेमा लागला का तुमी मले सुरुवातीलेच चहा टाकाले लावत होते!"

आणि त्या जिना उतरून गेल्या.

पुढचे तीन रविवार दोघंही आले नाहीत. घरावरून जाताना मागाची खटखट ऐकू यायची, जरा जास्तच जोरात. ओसरीवर सोमाभाऊ एकटे. मला पाहून हात वर करायचे, बोलवायचे नाहीत. त्यांच्या सुखी संसारात मी नागपूरहून आणून विष कालवलं होतं. चौथ्या आठवड्यात मी धीर केला आणि माफी मागायला गेलो.

"तुमी कायले माफी मांगता जी?" कौसाबाई म्हणाल्या. "खोटं सांगतलं म्हून मले राग नाही. डोंगा चांगलाच होता. त्या मामापेक्षा तं कितीक पट." धोटा थांबला. "मले वाटे, अर्धा मी पाहिला, अर्धा यायनं पाहिला. मिळून पूर्न झाला. आता समजलं का यायनं पाहिलाच नाही. इतके वर्स माह्या संगं अंधारात आले, मले हात धरून बसवलं, अन् सोताले काहीच नाही पाहू भेटलं. अन् मी रोज इचारो, सांगा सुरुवात, सांगा सुरुवात!"

त्यांचे डोळे भरले आणि लगेच त्या माझ्यावरच डाफरल्या, "पाहता काय? लावा ना एखांदा. नवा लावा, कोनीच न पाहेल. अन् यायले सांगून ठेवा, उठाचं नाही."

"अकरा मिनिटांनंतर माहे पाय थांबत नाही व," ओसरीवरून आवाज आला.

"पाय मी पाहून घेईन."

तोवर माझ्या बदलीची ऑर्डर आली होती, तुमसरकडच्या कॉलेजात. वाचनालयातला माझा तो शेवटचा रविवार. मी एक नवा, हसरा, कोणी न पाहिलेला सिनेमा लावला. मीही पाहिलेला नव्हता. सुरुवातीला एक म्हातारा आपल्या घराला उलट्या बाजूने कुलूप लावायची खटपट करत असतो. कशासाठी, ते बराच वेळ कळत नाही. पहिल्या रांगेत सोमाभाऊ मान वर करून बसले होते. पहिली दोन-तीन मिनिटं ते सवयीने मागे वळून आमच्याकडे, लोकांच्या तोंडाकडे पाहत होते. तिसऱ्यांदा वळले तेव्हा कौसाबाईंनी त्यांची हनुवटी धरली आणि पडद्याकडे फिरवली. मग ते वळले नाहीत. कुलूप पुन्हा निसटलं तेव्हा ते "अबे!" असं इतक्या मोठ्याने ओरडले की अख्खा हॉल हसला.

अकराव्या मिनिटाला मी घड्याळ पाहिलं. ते अर्धे उठले होते. कौसाबाईंनी पडद्यावरून नजर न हलवता त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि खाली ओढली. सोमाभाऊ बसले. बारावं मिनिट लागलं, तेरावं लागलं. मला आनंदाने काही सुचेना. सिनेमा कसा होता ते मला आज नीटसं सांगता येणार नाही, कारण मीही त्या दिवशी पडद्याकडे फारसं पाहिलं नाही. मी त्या दोन डोक्यांकडे पाहत होतो, एक उंच, एक बुटकं, मध्यंतरात चिवड्याच्या एकाच पुड्यावर वाकलेली.

सिनेमा संपला. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, कोणी तरी खिडकीवरची चादर काढायला गेलं, त्याला मी खुणेनेच थांबवलं. कौसाबाई उठून पदर सावरत होत्या. सोमाभाऊ बसूनच. पडद्यावर खालून वर नावं जात होती, शिंप्यांची, सुतारांची, जेवण बनवणाऱ्यांची.

"चला ना जी, झाला."

"थांब व."

"आता काय पाहून राहिले? नावंच तं आहेत."

"पाहू दे. येवढ्या पुढंपर्यंत मी कधी आलोच नाही."

कौसाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेजारी बसल्या. हॉल रिकामा झाला. शेवटचं नाव वर निघून गेलं, पडदा नुसता पांढरा झाला, तरी ते दोघं समोर पाहतच होते. तुमसरला जायला माझी भंडाऱ्याची बस साडेबाराची होती. मी प्रोजेक्टर चालूच ठेवला.